नेटवर्किंगची पहिली परीक्षा देताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत क्लास लावून सीसीएनए किंवा नेटवर्क प्लस या नेटवर्किंगच्या परीक्षांची तयारी करणारी बरीच मुलं ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर झोपेतही म्हणून दाखवतील. पण समोरच्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला की तीच मुलं अडतात. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजने डीएचसीपीकडे (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. आधी केबल, मग स्विचचा पोर्ट, मग राउटरवरचं डीएचसीपी बघा. ब्राउझर दहा वेळा उघडून काही होणार नाही.

खरी गोची सबनेट मास्कमध्ये होते, कारण तक्ता पाठ असतो पण मास्क करतो काय ते कळलेलं नसतं. कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले आणि कोणते बाहेरचे, हे मास्क ठरवतो. मार्केट यार्डातलं हळदीचं एखादं अडत दुकान धरा. राउटर १९२.१६८.१.१, मास्क २५५.२५५.२५५.०. पट्टी करायचे दोन संगणक, एक .२० वर (म्हणजे १९२.१६८.१.२०) आणि दुसरा .९०. प्रिंटरला .१०० दिला, पण त्यात मास्क चुकून २५५.२५५.२५५.१९२ पडला. आता .९० वरून प्रिंट निघते, .२० वरून निघत नाही, आणि अर्धा दिवस ड्रायव्हर काढण्या-घालण्यात जातो.

२५६ मधून १९२ वजा करा. ६४ आले, म्हणजे पत्त्यांचे गट ६४-६४ चे: ० ते ६३, ६४ ते १२७, असे पुढे. प्रिंटर स्वतःला ६४ ते १२७ मध्ये धरतो. .२० ची मागणी त्याच्यापर्यंत येते, पण उत्तर गटाबाहेर पाठवायचं म्हणून तो गेटवेकडे (बाहेर जायचा रस्ता, इथे राउटर) वळतो, आणि गेटवे .१ हाही त्याच्या हिशेबाने बाहेरचाच. उत्तर तिथेच अडकतं. अशी पाच-सहा गणितं कागदावर सोडवा. ऑनलाइन सबनेट कॅल्क्युलेटरची सवय लावू नका, सीसीएनएच्या परीक्षेत तो चालत नाही. आणि ६४ पैकी वापरायला ६२ च मिळतात हे लक्षात असू द्या; पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवायचा.

केबलच्या बाबतीत स्वस्त टेस्टरवर फार विसंबू नका. काही जण दोन्ही टोकांना जोड्या पिनवर ओळीने लावतात: १-२, ३-४, ५-६, ७-८. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, तरी नेट रडतं. टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोहोचली का एवढंच बघतो. ३ आणि ६ या पिनवर एकाच पिळातल्या तारा हव्यात, नाहीतर एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो. टी५६८बी या तारा लावायच्या ठरलेल्या पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. गिगाबिट पोर्ट असूनही लिंक १०० एमबीपीएसवरच थांबत असेल, तर ४, ५, ७, ८ या तारा आधी तपासा. १०० ला त्या लागतच नाहीत.

पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणं) आतून बाहेर करत जा: आधी १२७.०.०.१ म्हणजे आपलंच मशीन, मग स्वतःचा आयपी, गेटवे, इंटरनेटवरचा ८.८.८.८ आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. ८.८.८.८ चालतं पण नाव चालत नसेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधणारी सेवा, बघा. शेजारच्या विंडोज मशीनने पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून ते बंद आहे असं समजू नका, बहुतेकदा फायरवॉलने अडवलेलं असतं.

पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये राउटरचा इंटरफेस (पोर्ट) मुळात बंद असतो, ‘नो शटडाउन’ ही कमांड द्यावीच लागते. स्विचचा पोर्ट मात्र आपोआप चालू होतो, फक्त सुरुवातीला केशरी दिसतो. नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होऊ नये हे बघणारा स्पॅनिंग ट्री १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ शिकण्यात घालवतो. तेवढ्यात केबल पुसून पुन्हा ओढली, की ते ३० सेकंद नव्याने सुरू.