मॉनिटर नीट ओळखत नाही? आधी केबलच्या पिना बघा

पावसाळा सरत आला की आमच्याकडे मालवणात हे हमखास होतं, चांगला चालणारा फुल एचडी मॉनिटर एक दिवस अचानक १०२४ बाय ७६८ वर येऊन बसतो, अक्षरं फताडी दिसतात आणि सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० चा ऑप्शनच नसतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची यादी) 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर', म्हणजे मॉनिटरची ओळख पटलेली नाही, असं दिसलं तर लगेच नवीन विंडोज मारायला घेऊ नका!

मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला स्वतःच सांगतो, त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, मूळ माहिती फक्त १२८ बाइटची, आणि व्हीजीए केबलमध्ये (स्क्रूने आवळायची, १५ पिनांच्या जागा असलेली जुनी मॉनिटर केबल) ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. चित्र वेगळ्या पिनांवरून येतं म्हणून स्क्रीन चालू दिसते पण ओळख पटत नाही. आणि इथली खारी हवा नेमकी पिनांनाच नडते, माझ्या केबलला तर टॉर्च मारल्यावर बारीक हिरवट थर दिसला.

मॉनिटर आणि कॉम्प्युटर दोन्हीचे विजेचे प्लग काढा, केबल सोडवा, मऊ ब्रशला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग केबल लावून दोन्ही स्क्रू आवळा. ओलं फडकं अजिबात नको. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलना नसतेच, त्याचं टेन्शन घेऊ नका, पण १२ किंवा १५ वाकलेली, तुटलेली असेल तर सरळ केबल बदला. तरी नाहीच झालं तर डिव्हाइस मॅनेजरमधून मॉनिटर अनइन्स्टॉल करून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबा.