जुनी डिझेल घेताय? आधी खालून बघा

मेव्हण्याला रोजच्या वापराला जुनी डिझेल गाडी घ्यायची आहे. राहतो दापोलीला, कामाला जातो खेडला. गेले आठ दिवस मला गाड्यांचे फोटो पाठवतोय, बोनेट, डिकी, म्युझिक सिस्टीम, एका गाडीचा तर नुसता सीट कव्हरचा फोटो. खालून काढलेला फोटो एकही नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, कारण हेच मी करून बसलोय आणि ते निस्तरायला ४२ हजार आणि अख्खा श्रावण गेला.

पहिलं म्हणजे डिझेल लागते का ते बघा. घर ते बाजार चार किलोमीटर आणि सणाला सासुरवाडी एवढंच असेल तर पेट्रोल घ्या, विषय संपला. डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं, तापायच्या आत बंद करत राहिलं की ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी धरते, आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ असेल तर बहुतेकांत वर डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लायनीतली काजळी धरणारी जाळी. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते, आणि आपल्याकडे कोकणात मोकळा रस्ता म्हणजे, जाऊ दे. मी रोज गुहागर-चिपळूण करतो, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर, तिथे डिझेल परवडते. मेव्हण्याचं पन्नास-साठ होतं, चालेल.

कुठली घ्यायची ह्यावर लोक रात्रभर भांडतील. माझं मत एवढंच की तुमच्या तालुक्यातला मेकॅनिक डोळे मिटून जी उघडतो ती. ते १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट, मूळ फियाटचं, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, पुंटो, लिनिया सगळ्यात तेच. मारुतीने २०२० ला डिझेल बंद केलं तरी एवढ्या गाड्या फिरतायत की पार्टची बोंब नाही. त्याला टायमिंग चेन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका ठेक्यात ठेवणारी साखळी. डस्टरचं दीड लिटरचं डीसीआय किंवा जुन्या इनोव्हाचं अडीच लिटरचं, ह्यांना त्याच कामाला बेल्ट. बेल्ट बदलल्याची पावती दाखवली तर मानायचं, "मागच्याच वर्षी बदललाय" हे मानायचं नाही. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिन उघडण्याशिवाय पर्याय नाही. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

आता मुद्द्याचं.

माझी गाडी २०१२ ची, एमएच-१२ पासिंग. मी खूश, म्हटलं पुण्याची आहे, घाटावरच्या कोरड्या हवेतली, गंजाचा प्रश्नच नाही. बाहेरून पत्रा आरशासारखा. मी तरी शहाणपणा करून वाकून मोबाईलच्या टॉर्चने खाली डोकावलो होतो, सगळं काळंकुळकुळीत, चमकतंय. विकणारा म्हणाला, "साहेब, कालच कोटिंग मारून घेतलं, तुम्हाला परत त्रास नको." ह्या प्रेमाने मी इतका विरघळलो की पाच हजार कमी करायला सांगणार होतो ते राहिलंच. डिसेंबरात घेतली. जुलैत मागे बसलेल्या आईच्या पायाखालची मॅट ओली झाली, म्हटलं एसीचं पाणी असेल. पुढच्या आठवड्यात ती मॅट पिळता येत होती. गॅरेजात कार्पेट उचललं, मेकॅनिकने फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला, तो मुठीपर्यंत आरपार. खालून कोटिंगची खपली हातात आली, तिला आतल्या बाजूने पत्रा चिकटलेला, चुरा होत असलेला. "दादा, ह्यो पत्रा नाय, पापड हाय." आई म्हणाली ह्यापेक्षा धोपाव्याची फेरीबोट बरी, तिच्यात पाय तरी कोरडे राहतात.

मग डॅशबोर्डच्या कप्प्यातली जुनी बिलं काढून वाचली. घेतल्यावर वाचली, घ्यायच्या आधी नाही, हा पण माझाच गाढवपणा. सगळी बिलं किनाऱ्यावरच्या गॅरेजची. गाडी पुण्याच्या नावावर, पण सहा वर्षं उभी समुद्राला लागून असलेल्या बंगल्यात. नंबर पुण्याचा आणि हवा आपलीच. तेव्हा प्लेटवर जाऊ नका, खालून बघा.

आणि खालून बघणं म्हणजे वाकून डोकावणं नव्हे. गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवायची, खाली उभं राहायचं, मान वर करायची. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला तर त्याला नमस्कार करून घरी या. नवंकोरं काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका, घाबरा. गंज न खरवडता वरून कोटिंग मारलं की आत राहिलेलं मीठ आणि ओल तिथेच अडकते, पत्रा आतून कुजत राहतो आणि वरून काही कळत नाही. जुन्या गाडीचं पोट मळकट, लाल मातीने भरलेलंच असायला हवं, तेच प्रामाणिक. बोटांच्या पेराने ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला बदबद. दरवाज्याखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला पाणी जायची भोकं असतात ती कोटिंगने किंवा पाचोळ्याने बुजलेली आहेत का, जॅक लावायची जागा चेपलेली आहे का, मागचा अॅक्सल बॉडीला जिथे धरतो तो पत्रा, स्प्रिंग बसते ती वाटी, डिझेल टाकीचे पट्टे, ब्रेकचे पाइप. ब्रेकचे पाइप विसरू नका, ते बारीक लोखंडी पाइप फुगून खवले धरलेले असतील तर परशुराम घाट उतरताना ब्रेक फुसका पडायचा. डिकीतली स्टेपनी काढून खालची परात बघा. कार्पेट चारही बाजूंनी उचला, कोणाला काय वाटेल ह्याचा विचार करू नका. बॉडीवर लोहचुंबक फिरवा, चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टपावर एखादा पोक असेल तर सोडून द्या, माडाखाली गाडी लावली की तेवढं होतंच.

आपल्याकडे मीठ काय नुसतं वाऱ्यातून येतं असं नाही. मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत जातं, ते मागच्या गाड्यांच्या चाकांनी उडून सरळ पोटाला बसतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीला चाकं पाण्यातून जातात. आणि पुळणीवर गाड्या घालणारे पाहुणे तर आपण दर वीकेंडला ट्रॅक्टरने ओढून काढतो, त्यातलीच एखादी उद्या विकायला निघते. म्हणून खालून बघा. दोनदा सांगून मेव्हण्याला कळत नाही, म्हणून परत लिहिलं.

पुराची गाडी हा दुसरा धोका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, महाडलाही तेच झालं, आणि घाटावर सांगली-कोल्हापुरात २०१९ ला. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेषा दिसते, तेवढा कोणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, हेडलाइटच्या आत धुरकट पाण्याचे डाग, वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट बुरा. कुबट वास आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना येतो, पण सहा-सहा सेंटची झाडं टांगली असतील तर विचारा का टांगलीत.

इंजिन. सकाळी सातला जा आणि आदल्या रात्री सांगा, स्टार्ट करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर, गरम लागलं तर काहीतरी लपवलंय. आपल्याकडे थंडी अशी नसतेच त्यामुळे हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आतून तापवणारे) गेलेली गाडीसुद्धा बिनतक्रार चालू होते, पण दोन-तीनदा सेल्फ मारावा लागला किंवा चालू झाल्यावर थरथरली तर प्लग तरी गेलेत नाहीतर नोजल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे. चारही नोजल काढून टेस्टिंगला देण्याचा खर्च विचारून ठेवा, झोप उडेल. धूर बघा. सुरुवातीला थोडा पांढरा चालतो, निळा असेल तर ऑइल जळतंय, रेस केल्यावर काळे ढग म्हणजे नोजल, टर्बोची होज किंवा ईजीआर. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा, नाचून उडालं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन झिजून आतला दाब उलटा खाली येतोय, अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. कूलंटमध्ये ऑइलची साय नको. ऑइल काळं असणारच, डिझेल आहे ती.

चालवून बघायची ती सपाटीला नाही, घाटात. कुंभार्लीला न्या, एसी फुल, चार माणसं बसवा. टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलता कामा नये. दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बोने ओढायला हवं, नुसती शिट्टी आणि ओढ नाही तर होज फाटलीय किंवा टर्बो. चौथ्यात चढावर अॅक्सिलरेटर दाबला, आरपीएम वाढले आणि गाडी तेवढीच, तर क्लच प्लेट गेली. उतारावर स्टिअरिंग हलकं सोडून ब्रेक मारा, एका बाजूला ओढते का बघा. मीटरवर विश्वास ठेवू नका, ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. आणि घाट उतरून आलात की सरळ रॅम्पवर न्या, गरम गाडीचं गळकं ऑइल तेव्हाच दिसतं, आणि त्याच फेरीत खालूनही बघून होतं.

कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या समोर घ्या. १५ वर्षं कधी पुरी होतात ते बघा, त्यानंतर पासिंग परत, वर पर्यावरण कर, आणि तिथे इन्स्पेक्टर गंज बघतो. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचे मेसेज फिरतात, तिथे हरित लवादाने २०१५ ला १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी घातली आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ ला ती कायम केली म्हणून त्या स्वस्त झाल्या, २०२५ ला कोर्टाने ती थोडी सैल केली. पत्रा कोरडा मिळेल, पण एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, एवढं सगळं करून स्वस्ताई किती उरते ते मांडून बघा. चलनं भरलीत का बघा. इन्शुरन्स नावावर करा, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. फास्टॅग, नवी नंबर प्लेट, डुप्लिकेट चावी.

ठरलेल्या किमतीवर तीस-चाळीस हजार बाजूला ठेवा, सगळी ऑइलं, फिल्टर, बॅटरी, टायर, होतंच. डिझेल फिल्टर पहिल्या दिवशी बदला.

बाकी आरसे, वायपर, काचा तुम्ही बघालच, त्या सगळेच बघतात.

रविवारी गॅरेजं बहुतेक बंद असतात, तेव्हा शनिवारी सकाळी जा. रॅम्पवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवा, आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर खिशात.