फॅटी लिव्हर: सोनोग्राफीचा ग्रेड बाजूला ठेवून

रिपोर्टवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं की पेशंट धास्तावतो, ‘ग्रेड १’ आलं की निर्धास्त होतो. दोन्ही चूक. ग्रेड फक्त चरबी किती दिसते ते सांगतो. यकृत किती निबर झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती, हे त्यातून कळत नाही आणि पुढचं सगळं फायब्रोसिसवरच ठरतं.

आधी दारूचा हिशेब करा. ‘कधीतरी घेतो’ यावर थांबू नका. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. पुरुषाचं आठवड्याला २१० ग्रॅमपेक्षा, बाईचं १४० ग्रॅमपेक्षा जास्त होत असेल तर निव्वळ ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणता येणार नाही. मग हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी. टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड या औषधांनीही यकृतात चरबी साठू शकते; यांपैकी काही चालू आहे का, तेही विचारा. तरुण पेशंटमध्ये विल्सन डिसीज (शरीरात तांबं साठवणारा आनुवंशिक आजार) विसरू नका. एएलटी (रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम) नॉर्मल आहे म्हणून आजार नाही, असं अजिबात नाही.

आता एफआयबी-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा स्कोअर. लागतात चारच आकडे: वय गुणिले एएसटी (हेही एन्झाइमच), भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. वय ५२, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट १.८ लाख असतील तर वर २४९६, खाली १८० × ८ = १४४०; उत्तर १.७३. हमखास चूक होते ती प्लेटलेटमध्ये. आपल्या लॅब लाखात लिहितात, सूत्राला हजारात हवं असतं, १.८ तसंच टाकलं तर उत्तर १७३ येतं. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर लिव्हरतज्ज्ञाकडे. मधल्यांची फायब्रोस्कॅन (यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी) करा: ८ किलोपास्कलच्या आत असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. ६५ च्या पुढे खालची मर्यादा २ धरा, पस्तिशीच्या आत मात्र या आकड्यावर फार विसंबू नका.

कोडिंगमध्येही, म्हणजे नोंदीत आजाराचा ठरलेला कोड लावतानाही, हाच भेद पाळायचा. साध्या फॅटी लिव्हरला के७६.०. डॉक्टरांनी स्टिॲटोहेपॅटायटिस (चरबीसोबत सूज), म्हणजे नॅश, लिहिलं असेल तर आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेच्या कोडयादीत के७५.८१. हे दोन एकत्र लावायचे नाहीत. नॅशसोबत फायब्रोसिसची नोंद असेल तर जोडीला के७४.०१ (सुरुवातीचा, म्हणजे फायब्रोसिसच्या पायऱ्यांपैकी एफ१-एफ२) किंवा के७४.०२ (पुढचा, एफ३); आधी नॅशचा कोड, मग फायब्रोसिसचा. दारूमुळे झालेल्या फॅटी लिव्हरला के७०.०. ओपीडीच्या नोंदीत नुसतं ‘नॅशची शक्यता’ असेल तर के७५.८१ लावू नका, सापडलेली गोष्टच कोड करा. वाढलेल्या एएलटीसाठी आर७४.०१ आहे. आणि नुसत्या सोनोग्राफीच्या ग्रेडवरून फायब्रोसिसचा कोड कधीच काढायचा नाही. २०२३ पासून नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हरला एमएएसएलडी (चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं फॅटी लिव्हर) म्हणतात. केसपेपरवर जुनं नाव दिसो की नवं, सोबतचा मधुमेह, लठ्ठपणा, वाढलेले ट्रायग्लिसराइड यांचे कोड वेगळे लावायचेच.

उपचारात वजनाइतकं काहीच चालत नाही. ५ टक्के घटलं की चरबी उतरते, ७ ते १० टक्के घटलं की सूज, त्याहून जास्त घटलं तर फायब्रोसिसही सुधारू शकतं. ८० किलोच्या माणसाला ७ ते १० टक्के म्हणजे साडेपाच ते आठ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर यकृताची सूज उलट वाढू शकते. पहिली कात्री साखरेच्या चहाला, सरबताला, फळांच्या रसाला. आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल असं चालणं. भारतीयांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ पासूनच धोका धरायचा, त्यामुळे ‘बारीक तर आहे’ ही सबब चालत नाही.

औषधांत घोळ जास्त. मेटफॉर्मिन साखरेसाठी द्या, यकृत त्याने सुधारत नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची औषधं) यकृताच्या भीतीपोटी बंद करू नका. व्हिटॅमिन ई (८०० युनिट) मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने (यकृताचा तुकडा तपासून) नॅश ठरलेल्या पेशंटपुरतं, सरसकट नाही. ‘लिव्हर टॉनिक’ आणि काढे बंद. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस कोविडकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवल्या आहेत.

धोका कमी असेल तर एफआयबी-४ दोन-तीन वर्षांनी, मधुमेह असल्यास एक-दोन वर्षांनी पुन्हा काढा. सिऱ्हॉसिस (फायब्रोसिसची शेवटची पायरी) झाला असेल तर यकृताच्या कॅन्सरसाठी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी. इथे मात्र ती चुकवू नका.