जास्त हॉर्सपॉवरची गाडी बांधायचीय? आधी गिअरबॉक्स बघा

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गॅरेजात पोरं आली की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, एचपी किती निघेल?" मी म्हणतो, गिअरबॉक्सला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती झेपेल ते आधी विचार.

स्कोडा ऑक्टाव्हियाचंच घ्या. १.८ लिटरचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन दमदार, १८० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर. पण जोडीला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २५० एनएम (टॉर्कचं माप) साठी बनवलेला. कंपनीने इंजिनाचा टॉर्क नेमका तिथेच थांबवलाय. त्यावर तगडा रिमॅप मारला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली, की क्लचचा जीव जातो. त्यापेक्षा २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, तिची जास्त ताकदीची आवृत्ती, शोधा: २.० टीएसआय, २३० पीएस, ३५० एनएम आणि तेलात बुडालेला वेट क्लच. ब्लॉक बिडाचा, पार्ट्स जगभर मिळतात. माझी पसंती हीच.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. स्टार्ट करताच साखळीचा खडखडाट आला, तर टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तपासा. टॉर्च मारून थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खाली बघा. कूलंटचे वाळलेले गुलाबी डाग दिसले तर गळती आहे. डीएसजीचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलल्याची बिलं मागाच.

पैसे आधी ब्रेक, टायर आणि इंटरकूलरला (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा गार करणारा भाग). एप्रिलमध्ये कसारा घाट चढताना आत येणारी हवा तापली, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच ताकद कमी करतो.

बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.