फ्रेंच फॉरेन लीजनची हिरवी बेरे डोक्यावर बसवताना

लीजन म्हणजे परदेशी सैनिकांना भरती करणारी फ्रेंच लष्कराची तुकडी, ती १८३१ साली उभी राहिली. तिची पांढरी केपी, म्हणजे पुढे छज्जा असलेली ताठ गोल टोपी, जगभर ओळखली जाते, पण ती साध्या सैनिकांची आणि कॉर्पोरलांची. सार्जंटपासून वरचे काळी केपी घालतात. रोजच्या वापरात दिसते ती हिरवी बेरे, म्हणजे मऊ, चपटी लोकरी टोपी. नवी बेरे डोक्यावर डोसा ठेवल्यासारखी दिसते, म्हणून ती आधी घडवावी लागते.

फक्त लोकरीचा भाग कोमट पाण्यात भिजवा. गरम पाण्याने लोकर आटते, आणि कडेची चामडी पट्टी भिजली तर वाळून कडक होते, मग दिवसभर कपाळाला काचते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. ओली बेरे घालून पट्टी भुवयांच्या दोन बोटं वर, अगदी आडवी ठेवा. बिल्ल्याची जागा उजव्या डोळ्यावर उभी करा, उरलेलं कापड तळहाताने डावीकडे, कानाकडे चोपून बसवा. तासभर तशीच राहू द्या, पुढे सावलीत वाळवा. मागची नाडी गाठ मारून आत खोचा.

आपल्याकडे हमखास चूक होते ती दिशेची. भारतीय लष्करात बिल्ला डाव्या डोळ्यावर असतो आणि कापड उजवीकडे झुकतं. फ्रेंचांचं नेमकं उलट. अपवाद त्यांच्या नौदलाच्या कमांडोंचा. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटनमध्ये तयार झाले, त्यामुळे त्यांची हिरवी बेरे आजही ब्रिटिश पद्धतीने उजवीकडेच झुकते.