चेक इंजिनचा दिवा विझतच नाही? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षे जुनी पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. तालुक्याच्या गॅरेजात दोन सेन्सर बदलून झाले, तरी आठवडाभरात दिवा परत हजर. अशा गाड्यांत बरेचदा सेन्सर धडधाकट असतो आणि दोष त्याची वायर, कपलर (वायरींचा काढता-घालता येणारा जोड) किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) यांत निघतो. म्हणून पैसे भागावर घालण्याआधी तपासणीवर घाला.

सर्वात आधी दिवा नीट ओळखा. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे ऑइल प्रेशर गेले. इंजिन तिथल्या तिथे बंद करा. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर सावकाश गावापर्यंत येता येते. पण तो लुकलुकत असेल, तर एखादा सिलिंडर मिसफायर करतो आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि कन्व्हर्टर लालबुंद होतो. अशी गाडी वाळल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ अजिबात उभी करू नका.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे

ही सर्वात महागात पडणारी चूक. दिवा जातो, पण त्याबरोबर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक, जातो आणि ‘फ्रीझ फ्रेम’ही जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, आरपीएम, इंजिनाचे तापमान किती होते, याची ती नोंद असते. दोष थंड इंजिनात आला की चढावर, हे सांगणारा पुरावा आपणच पुसून टाकतो. आधी कोड वाचा, मोबाइलवर फोटो काढा, मगच हात लावा.

कोड वाचणारा स्कॅनर जिथे लागतो ते १६ पिनांचे सॉकेट बहुधा स्टेअरिंगखाली असते. स्कॅनर पेटतच नसेल तर सॉकेटच्या १६ आणि ४ नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट येतात का पाहा. येत नसतील तर फ्यूज उडालेला असू शकतो. स्कॅनर पेटतो पण गाडीशी जोडला जात नाही, असे बीएस-३ (धुराबाबतचा जुना सरकारी नियम) काळातल्या गाड्यांत घडते. त्यांची भाषा कंपनीची स्वतःची असते, स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरला ती कळत नाही. गाडी खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा.

कोडात नाव आले तो भाग विकत आणणे

कोड म्हणजे संगणकाला काय दिसले त्याची नोंद. पी०११३ आला की लोक हवेच्या तापमानाचा सेन्सर आणतात. त्याआधी स्कॅनरवर चालू आकडा पाहा. मे महिन्यात अकोल्यात ऐन दुपारी हवेचे तापमान उणे ४० दिसत असेल, तर सर्किट तुटलेले आहे: कपलर निघाला किंवा वायर कुरतडली गेली. कपलर काढून त्याच्या दोन पिना छोट्या तारेने क्षणभर जोडा. आकडा एकदम खूप वर गेला तर वायरिंग ठीक, सेन्सर खराब. हललाच नाही तर वायर शोधा. इंजिनाच्या पाण्याच्या सेन्सरसाठी (पी०११८) हीच रीत. पण ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच. तीन वायरींच्या सेन्सरवर कधीही करू नका.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. यावर सर्रास ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला जातो, आणि तो बिचारा बहुधा खरे तेच सांगत असतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे संगणक नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) ट्रिम खूप वर आणि २५०० आरपीएमला उतरत असेल, तर हवा कुठून तरी आत येते आहे. भार पडल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप किंवा घाण इंजेक्टर. बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पेट्रोलचे प्रेशर ३ बारच्या आसपास असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. अनेक छोट्या गाड्यांत हवा मोजायला मॅप सेन्सर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) असतो. तिथे हवागळतीने आधी आयडल वाढतो, त्यामुळे पी०१७१ आला तर पेट्रोलची बाजू आधी तपासावी असे आमचे मत.

आणखी एक जागा हमखास सुटते. पांदण रस्त्यावर दगड लागून एक्झॉस्टचा पाइप ऑक्सिजन सेन्सरच्या आधी तडकला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ भासते. थंड इंजिन सुरू करून जोडांवर फुसफुस ऐका, काजळीचे डाग शोधा.

उंदीर

सोयाबीनची कापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात. कापसाच्या गंजीशेजारी उभी गाडी त्यांना आयतीच मिळते. एअर फिल्टरचा डबा उघडून आत सरकी-कापूस भरला आहे का पाहा, मग इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी बोटांनी चाचपत जा. तुटलेली वायर पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळली तर पहिल्या पावसात दिवा परत येतो. डाग देऊन (सोल्डर करून) वर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी चढवा. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला मात्र डाग देऊ नका, क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा). अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीतूनच घेतात.

पावसात येणारा आणि उन्हात जाणारा दोष म्हणजे कपलरमध्ये ओल. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावरही हेच होते. पिनांवरचा हिरवा थर कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, रबरी सील जागेवर बसवा.

अर्थिंगची तपासणी दोन मिनिटांची, तरी क्वचितच कुणी करतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा लावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची पट्टी काढून घासून परत आवळा. चालू इंजिनात बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत; त्याखाली एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येऊ शकतात.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी नोंद, आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका. आधी मिसफायर, एक्झॉस्टची गळती आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर तपासा. मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जळेल. दुरुस्तीनंतर कोड एकदाच पुसा आणि थंड इंजिनापासून सुरू करून, वेगवेगळ्या वेगाने काही दिवस गाडी चालवा. कोड पुसला नाही तरी दोष खरोखर गेला असेल, तर सलग तीन फेऱ्यांत (गाडी सुरू करून चालवून बंद केली की एक फेरी) तो पुन्हा न दिसल्यावर दिवा आपोआप विझतो.