लिलावात घेतलेल्या जागेचे पैसे परत मागायचे असतील तर

पैसे परत मागायला निघण्याआधी ते आज कुणाकडे आहेत ते शोधा. न्यायालयाच्या ठेवीत पडून आहेत, की दरखास्तदाराने (डिक्री मिळवून वसुलीसाठी लिलाव करायला लावणाऱ्याने) उचललेसुद्धा? पुढची सगळी तयारी या एका उत्तरावर ठरते. दिवाणी न्यायालयाने डिक्रीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या, वसुलीसाठी जप्त मालमत्ता विकली, तुमची बोली मंजूर झाली, तुम्ही पैसे भरले आणि आता तो व्यवहार मोडतोय किंवा तुम्हालाच मोडायचाय, अशांसाठी हे लिहितो आहे. बँकेने स्वतःच्या अधिकारात केलेल्या लिलावाचे नियम वेगळे आहेत. इथली मुदत तिथे लावू नका.

कागद म्हणजे काय, ते वकील सांगेलच. आधी भरलेल्या २५ टक्क्यांची पावती, उरलेल्या ७५ टक्क्यांची पावती, लिलावाच्या जाहीरनाम्याची नक्कल, बोलीचा तक्ता, बेलीफचा अहवाल, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं त्या न्यायालयीन नोंदीची) नक्कल मात्र वेगळी मागा आणि ती स्वतः वाचा. दरखास्तदाराने रक्कम काढून घ्यायचा अर्ज टाकला का, त्यावर काय हुकूम झाला, हे तिथेच कळतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते. तुमच्या पैशांचं काय झालं ते बहुतेक वेळा दिसत नाही.

विक्री रद्द होण्याचं कारण कोणतं, ते नीट ठरवा. इथे लोक फार गोंधळ घालतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये वाटा ठरलेल्या आहेत. ऋणकोने (ज्याच्याकडून डिक्रीची वसुली चालू आहे त्याने) नियम ८९ खाली डिक्रीची रक्कम भरून लिलाव रद्द करून घेतला, तर तुमचे पैसे परत येतात आणि वर खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के मिळतात. ते त्यानेच भरायचे असतात. भरले का, ते तपासा. नियम ९० खाली लिलावातल्या अनियमिततेवरून किंवा फसवणुकीवरून विक्री रद्द मागितली गेली, तर तुम्हाला नोटीस यायलाच हवी. आली की हजर राहा, घरी बसून निकालाची वाट बघू नका. आणि तुम्हाला स्वतःला बाहेर पडायचं असेल तर नियम ९१. त्याचं कारण एकच: विकलेल्या मालमत्तेत ऋणकोचा विकण्याजोगा हक्कच नव्हता. हक्क कमी निघाला, वाटणीत चौथाईच हिस्सा निघाला, आत भाडेकरू बसलाय, भाव जास्त लागला, घरच्यांना जागा आवडली नाही, यातलं काहीही इथे चालत नाही. न्यायालय मालकीची हमी देत नसतं. हे आधी ऐकून घ्या म्हणजे वकिलाशी भांडण होणार नाही.

आता विक्री रद्द करायच्या अर्जाची मुदत. ६० दिवस, विक्रीच्या तारखेपासून. विक्री कायम झाल्याच्या तारखेपासून नव्हे, नक्कल हातात पडल्यापासूनही नव्हे. मुदतीच्या कायद्याचं कलम ५, ज्याच्या जोरावर उशीर माफ होतो, ते आदेश २१ खालच्या अर्जांना लागूच नाही. म्हणजे ६१ व्या दिवशी तुमचं आजारपण, वकिलाचं आजारपण, कुणाचंच काही उपयोगाचं नाही. न्यायालयाच्या सुटीत शेवटचा दिवस आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो, पण त्या भरवशावर राहायची हौस कशाला?

आणि या अर्जाबरोबर, त्याच दिवशी, दुसरा अर्ज. रक्कम न्यायालयातून कुणालाही देऊ नये, आणि निकाल लागेपर्यंत ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी. मागे एका प्रकरणात हाच अर्ज द्यायचा राहिला, म्हणून कंटाळा येईल इतक्या वेळा लिहिणार आहे. विक्री रद्द करायचा अर्ज प्रलंबित आहे म्हणजे पैसे आपोआप अडकून राहतात असं धरून चालू नका. दरखास्तदार वर्षानुवर्षे वसुलीची वाट बघत असतो. लिलावाचे पैसे जमा झाले की तो पहिल्या तारखेला रक्कम मागतो आणि समोरून कुणी हरकत घेत नसेल तर त्याला नाही म्हणायचं कारण न्यायालयापुढे नसतं. हरकत तुमची हवी. लेखी हवी. रोजनाम्यात तिची नोंद हवी.

पैसे गेले तर काय होतं? नियम ९३ म्हणतो की विक्री रद्द झाल्यावर ज्याला ती रक्कम दिली गेली त्याच्याविरुद्ध परतफेडीचा हुकूम मिळतो. ऐकायला छान. पण म्हणजे तुम्हीच आता वसुलीला निघालात, दुसऱ्याच्या दरखास्तीत खरेदीदार म्हणून आलेला माणूस स्वतःच दरखास्तदार झाला. धनको (पैसे येणं असलेले) अनेक असले आणि संहितेच्या कलम ७३ खाली रक्कम त्यांच्यात वाटली गेली असली तर प्रत्येकाच्या मागे वेगळं. उरलेली रक्कम ऋणकोला गेली असेल तर त्याच्याकडे काय शिल्लक असणार, त्याची जागा तर लिलावात गेली होती! म्हणून तो अर्ज. दरखास्तदाराने रक्कम उचलायचा हट्टच धरला तर निदान बँक हमी किंवा सक्षम जामीन घेतल्याशिवाय देऊ नये, हे त्याच अर्जात पर्यायी मागणी म्हणून लिहा.

मुदत ठेवीची मागणी वेगळ्या परिच्छेदात आणि ठळक. नियम ९३ खाली व्याज देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे. नुसती ठेव पडून राहिली तर व्याज कोणी द्यायचं, यावरच पुढे वाद होतो. मुदत ठेवीत असेल तर तो वाद बराचसा संपतो. रक्कम परत मागण्याच्या अर्जातही व्याज मागा, दर लिहा, कोणत्या तारखेपासून ते लिहा.

ज्यांनी उरलेले ७५ टक्के भरलेच नाहीत, त्यांच्याबद्दल थोडंच. १५ दिवसांची मुदत पक्की आहे, न्यायालय ती वाढवून देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच या तरतुदी बंधनकारक ठरवल्या. भरलेले २५ टक्के जप्त करायचे की नाही, हे मात्र नियम ८६ प्रमाणे न्यायालय ठरवतं, त्यामुळे विनंतीला थोडी जागा आहे. वर फेरलिलावात कमी किंमत आली तर फरक नियम ७१ खाली तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. हा फरक लोकांच्या ध्यानीमनी नसतो.

विक्री कायम झाल्यावर कुणी तिऱ्हाईत मालकीचा दावा घेऊन आला तर घाबरून तडजोड करू नका. नियम ९२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने सोय केली आहे: अशा दाव्यात दरखास्तदार आणि ऋणको यांना पक्षकार करावंच लागतं, आणि दावा मंजूर झाला तर दरखास्तदाराने खरेदीदाराला पैसे परत द्यायचा हुकूम त्याच न्यायालयाने करायचा असतो. तुमच्या लेखी जबाबात ही मागणी आहे ना, ते बघा. आणि पैसे अजून न्यायालयात असतील तर, पुन्हा तेच, देऊ नयेत असा अर्ज. दावा वेगळा आहे म्हणून मूळ दरखास्तीत आता अर्ज कशाला, असं सुचवणारे भेटतील. द्यायचाच, मूळ दरखास्तीतच.

पुढचं भराभर. बेलीफ आणि नाझर या न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. जाहीरनाम्यातल्या चुकांची यादी स्वतः करा, वकिलाला वेळ नसतो. विक्री कायम होईपर्यंत मुद्रांक शुल्काची घाई नको. विक्री रद्द झाली तरी नियम ९२ खालच्या हुकुमावर अपील होतं, तेव्हा अपिलाच्या न्यायालयात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम करू नये असा अर्ज) टाका. ते ९० दिवस चालतं, मग नवं. अपिलात स्थगिती आली तर रक्कम तशीच राहावी, एवढं तरी त्या हुकुमात लिहून घ्या.

हुकूम झाला की पैसे मिळण्याचा अर्ज वेगळा. पॅन, खात्याचा रद्द केलेला धनादेश, मूळ पावत्या. पावतीवर, आधारवर आणि बँकेत नाव एकसारखं हवं. बोली दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या.